दुसरी बेल

"परत वाजवलं बघ. पाणी मागतायत आबा," वन्सं म्हणाल्या आणि उठून त्यांनी आबांच्या तोंडात चमच्यानं चार थेंब सोडले. गिळता येत नाही म्हणून ज्या माणसाच्या नाकातून नळी घातलीय, त्याला चमच्यानं पाणी. आबांना ठसका लागला, डोक्याशेजारचं मशीन बोंबलायला लागलं, सिस्टर धावत आल्या. वन्सं माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जसा काही तो ठसका माझ्या माहेरून आला होता.

अकरा वर्षं झाली या गोष्टीला. सांगलीचा एक मोठा दवाखाना, दुसरा मजला, खिडकीजवळची खाट. खाटेवर माझे सासरे, धोंडिराम खराडे, वय एक्क्याऐंशी. चौतीस वर्षं तासगाव डेपोला एसटीत कंडक्टर होते. हृदय थकलेलं, मूत्रपिंडं जवळजवळ बंद, त्यात अर्धांगाचा झटका येऊन वाचा आणि उजवी बाजू गेलेली. पाच महिन्यांत दवाखान्याची ही चौथी फेरी होती. दर वेळी "जरा बरे झाले" म्हणून घरी आणायचं आणि दर वेळी आधीपेक्षा एक पायरी खाली उतरलेला माणूस घरी यायचा. पहिल्या वेळी काठी घेऊन चालत होते, दुसऱ्या वेळी धरून, तिसऱ्या वेळी उचलून.

डावा हात तेवढा थोडा हलत होता. त्या मनगटात संधिवातासाठी घातलेलं तांब्याचं कडं होतं. ते कडं ते खाटेच्या लोखंडी कठड्यावर आपटायचे. टण. की आमच्याकडे पळापळ.

या टणाचा अर्थ लावायला आमच्या घरात विद्वानांची काय कमी? वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, सुशीला. त्यांच्या मते आबा पाणी मागत होते, नाहीतर जोतिबाचं काहीतरी राहिलं होतं. त्या इस्लामपुराहून येताना गुलाल आणि अंगारा घेऊन आल्या होत्या आणि सिस्टरांची पाठ वळली की आबांच्या कपाळाला फासत होत्या. माझे यजमान उत्तमराव. नाव उत्तम, बाकी ठीक. त्यांच्या मते आबांचे पाय दुखत होते, म्हणून ते तासन् तास पाय चेपत बसायचे. सुजलेल्या पायात बोटांचे खड्डे पडायचे, तरी चेपायचे. सिस्टरांच्या मते पेशंट चिडचिडा होता. दोनदा नळी उपसून काढल्यावर त्यांनी आबांचा डावा हात बँडेजनं कठड्याला बांधून टाकला. बांधल्या हातानंही आबा टण करायचेच.

माझं मत कुणी विचारलं नव्हतं. सुनेचं मत आणि देवळात जाताना चपला, दोन्ही बाहेर काढून ठेवायच्या असतात. मी तासगावच्या पोस्टात काउंटरवर बसते. दिवसभर जगाला उत्तरं देते आणि घरी आल्यावर तोंड शिवून घेते, असा माझा संसार.

त्या दिवशी सकाळी मोठे डॉक्टर आले. उभ्या उभ्या म्हणाले की नाकातली नळी आता फार दिवस ठेवता येणार नाही, पोटाला छोटं भोक पाडून तिथूनच नळी घालू, आणि डायलिसिस करून बघू. उत्तमराव आणि वन्सं दोघं एका सुरात म्हणाले, "करा डॉक्टर. काही कमी पडायला नको." आमच्या घरात जन्मापासून आबांना एवढ्या गोष्टी कमी पडल्या होत्या, पण आता नळ्या मात्र कमी पडू द्यायच्या नव्हत्या. उद्या सकाळी दहाची वेळ ठरली. जाता जाता डॉक्टर म्हणाले, तत्पूर्वी आमच्या जमादार मॅडमशी एकदा बोलून घ्या.

डॉक्टर जमादार पन्नाशीच्या, ठेंगण्या, सुती साडीतल्या. आल्या आणि चक्क स्टूल ओढून बसल्या. अठरा दिवसांत बसलेला पहिला डॉक्टर मी बघितला. त्यांनी आधी आबांच्या कपाळावर हात ठेवला, गुलाल बोटाला लागला तरी काही बोलल्या नाहीत. मग आम्हाला बाहेरच्या बाकावर नेऊन साधेसाधे प्रश्न विचारायला लागल्या. दिवाळीत वजन किती होतं? दिवसातले किती तास झोपून असतात? स्वतःहून खायला शेवटचं कधी मागितलं? दवाखान्यातून घरी गेल्यावर एकदा तरी पहिल्यासारखे झाले का? आम्ही उत्तरं देत गेलो. एकेक उत्तर खाली खाली जात होतं, ते आमचं आम्हालाच ऐकू येत होतं.

शेवटी त्यांनी विचारलं, "हे पुढच्या सहा महिन्यांत गेले, तर तुम्हाला आश्चर्य वाटेल का?"

उत्तमराव बुटाकडे बघायला लागले. वन्सं म्हणाल्या, "अभद्र बोलू नये बाई. दवाखाना आहे हा."

बाईंनी शांतपणे सांगितलं. आता बरं करण्यासाठी जे करू, त्याचा त्रास जास्त होणार आणि उपयोग थोडा. पोटात नळी घातली तरी या अवस्थेत अंगाला लागेल असं नाही. त्यापेक्षा घरी न्या. धाप लागली तर औषध आहे, दुखलं तर औषध आहे, तोंड कोरडं पडतं त्याला उपाय आहे, मी येत राहीन. याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात.

"पॅलिएटिव्ह म्हणा नाहीतर पलीकडे म्हणा," वन्सं म्हणाल्या, "अर्थ एकच. आम्ही आमच्या बापाला असं सोडणार नाही." उत्तमरावांनी मान डोलावली. ती कुणाच्या बाजूनं डोलावली, हे नेहमीप्रमाणे कळलं नाही.

मी बोलू शकले असते. पण "घरी नेऊया" असं सुनेनं म्हणायचं म्हणजे काय होतं, ते ज्या सुना आहेत त्यांना ठाऊक आहे. सेवा जिवावर आली म्हणतील. म्हातारा मरायला टपली होती म्हणतील. आणि खरं सांगू? पाच महिने कूस बदलणं, चादरी धुणं, रजा टाकणं यानं मी इतकी पिचले होते, की हे लोक म्हणतील ते थोडं खरं असेल, अशी मला स्वतःचीच शंका होती. म्हणून गप्प बसले. आबांनी आतून एकदा टण केलं. वन्सं पाण्याचा चमचा शोधायला धावल्या.

दुपारी धुतलेले कपडे आणायला मी तासगावच्या एसटीत बसले. कवलापूरला एक म्हातारी उठली, हातात वांग्यांची पिशवी. कंडक्टरनं दोरी ओढली. टण. गाडी थांबली. म्हातारी उतरली, दोरी परत ओढली. टण टण. गाडी निघाली.

मी चाळीस वर्षं एसटीनं फिरतेय. हा आवाज हजारदा ऐकलाय. पण त्या दिवशी पहिल्यांदा मी तो मोजला.

माझ्या लग्नानंतरचा दुसरा दिवस आठवला. मी नवी नवरी, डोक्यावर पदर, आबांच्या ताटाशी आमटी वाढतेय. आबांनी वाटीवर चमचा एकदा आपटला. मला वाटलं, मागतायत. मी वाढली. त्यांनी परत एकदा आपटला. मी परत वाढली. वाटी भरून आमटी ताटात, ताटातून पाटावर. स्वयंपाकघरातून सासूबाई आल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. म्हणाल्या, "अगं पोरी, एक म्हणजे थांब. दोन म्हणजे चल. कंडक्टरच्या घरात पडलीयस तू." आबा जेवताना कधी बोलायचेच नाहीत, सगळा कारभार चमच्यावर. सासूबाई गेल्या आणि त्यांनी ते सोडलं. आम्ही वाढताना तोंडानं "बास" म्हणायला लागले. नऊ वर्षं झाली होती, विसरून गेलो होतो सगळे.

अठरा दिवस तो माणूस एकच बेल देत होता. पाणी पाजलं, एक. पाय चेपले, एक. नळी घातली, एक. हात बांधला, तरी एक. आणि आम्ही, अस्सल कंडक्टरच्या घरचे लोक, दर बेलेला गाडी आणखी जोरात हाणत होतो.

मी कुमठे फाट्यावर उठले. कंडक्टर म्हणाला, "ताई, तिकीट तासगावचं आहे." म्हटलं असू दे, आणि रस्ता ओलांडून उलट्या गाडीत बसले. कपडे गेले खड्ड्यात.

दवाखान्यात भेटायची वेळ चालू होती. मी एका दमात सगळं सांगितलं. वन्संनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आबा काय डेपोत आहेत का? उन्हातून आलीस, जरा बस."

मी बसले नाही. आबांच्या हाताचं बँडेज सोडलं. मनगटावर वळ उठला होता, कड्याच्या खाली दुसरं कडं असावं तसा. त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, "आबा, नाकातली नळी राहू दे?"

टण.

"एकदा तर ते नेहमीच वाजवतात," वन्सं म्हणाल्या. आणि ते बरोबर होतं. म्हणून मी दुसरं विचारलं.

"आबा, घरी जायचं?"

आबांनी डोळे उघडले. हात उचलायला त्यांना किती वेळ लागला काय सांगू. टण. मग परत उचलला. टण.

वन्सं खाली बसल्या, त्या स्टुलावर नाही, सरळ फरशीवर. "हात थरथरला असेल," एवढंच म्हणाल्या, तेही अर्धवट.

तेव्हा उत्तमराव पुढे झाले. लहानपणी सुट्टीच्या दिवशी ते आबांच्या गाडीत बसून विट्यापर्यंत जायचे. डबल बेल द्यायचा मान यांचा असायचा, आबा खांद्यावर उचलून दोरीपर्यंत पोचवायचे. त्यांनी दोन्ही हातांनी कठडा धरला आणि विचारलं, "आबा, उद्या पोटाला भोक पाडून नळी घालणार आहेत. घालू द्यायची?"

एक.

"परत इथं आणायचं का?"

एक.

उत्तमराव कठड्यावर वाकले. "आबा, आम्ही लई त्रास दिला का तुम्हाला?"

यावर आबांनी काहीच वाजवलं नाही. माझे सासरे पहिल्यापासूनच भिडस्त.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता आम्ही ऑपरेशनच्या कागदाऐवजी घरी नेण्याच्या कागदावर सह्या केल्या. डॉक्टर जमादार घरी आल्या. ओल्या कापसानं तोंड कसं पुसायचं, दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, धाप लागली की कोणत्या औषधाचे किती थेंब जिभेखाली सोडायचे, सगळं त्यांनी हाताला धरून शिकवलं. शेवटी म्हणाल्या, "एक दिवस श्वास बदलेल. मध्येच थांबेल, परत सुरू होईल. तेव्हा घाबरून लोक ॲम्ब्युलन्स बोलावतात आणि मग पहिल्यापासून तेच सगळं सुरू होतं. काय करायचं ते आज ठरवा. फोन मला करा." वन्संनी सगळ्यात जोरात मान हलवली. त्या आता इस्लामपूरला जायला तयार नव्हत्या.

गल्लीतले लोक बघायला यायचे. नळी नाही, सलाईन नाही, हे बघून त्यांचा फारच विरस व्हायचा. शेजारच्या सगरे काकू म्हणाल्या, "दवाखान्यात ठेवलं असतं तर..." मी म्हटलं, "तर दवाखान्यात गेले असते, काकू. चहा घेणार?" वाईट बोलले, माहीत आहे. पण त्यांनी चहा घेतला.

आणि घरात आबा सुधारले नाहीत, पण निवले. कपाळावरची आठी गेली. आमचं घर स्टँडच्या मागच्या गल्लीत. गाडी सुटल्याचा आवाज आला की ते खिडकीकडे मान वळवायचे. चहात बुडवलेला कापूस ओठाला लावला की टण टण. दुसऱ्यांदा लावला की टण टण. तिसऱ्यांदा टण. त्या आवाजानं वन्सं अशा काही खूश व्हायच्या, की आलेल्या प्रत्येकाला बेलची भाषा समजावून सांगायच्या. आठवड्याभरात तासगावात असा समज झाला की हा शोध सुशीलाबाईंनीच लावला. असू दे. मला पोस्टातून आयुष्यभर दुसऱ्यांचीच पत्रं पोचवायची सवय आहे.

बाराव्या दिवशी सकाळी, अकराच्या सुमारास, श्वास बदलला. एक मोठा श्वास, मग काहीच नाही, मग परत एक. बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, थेंब द्या, हात धरून बसा, निघालेच. मी थेंब दिले. उत्तमराव उजवीकडे, मी डावीकडे, वन्सं पायाशी.

आबांनी डावा हात उचलला. खाटेचा लोखंडी बार. टण.

आम्ही तिघंही दुसऱ्या आवाजासाठी थांबलो.

"एक," वन्सं उभ्या राहिल्या. "एकच वाजवली. थांब म्हणतायत. त्यांना जायचं नाहीये. उत्तम, गाडी बोलव. अरे बोलव ना." त्या स्वतःचा फोन शोधायला वळल्या. उत्तमरावांचा हात खिशाकडे गेला.

मी आबांच्या हाताकडे बघत होते. तो त्या लोखंडापासून दोन बोटं वर होता. उचललेला होता की नुसता राहून गेलेला, मला आजही सांगता येणार नाही. बोटं हलत होती. दुसरी देणार होते की पहिलीच शेवटची होती, कुणाला विचारायचं? माझ्या डोळ्यांसमोर ते मनगट आलं, बँडेजचा वळ असलेलं. त्यांनी उत्तमरावांना दिलेलं उत्तर आठवलं, परत इथं आणायचं का, तर एक. मी त्यांच्या मनगटाखाली माझी बोटं घातली.

टण.

"दोन," मी म्हणाले.

वन्सं वळल्या. उत्तमरावांनी रिकामा हात खिशातून बाहेर काढला आणि आबांच्या छातीवर ठेवला. वन्सं फोन तसाच हातात धरून खाली बसल्या, आबांच्या पायांवर कपाळ टेकलं आणि म्हणाल्या, "या आबा. सावकाश जावा." वीसेक मिनिटांनी आबा गेले. जमादार बाई दारात पोचल्या तेव्हा मी कडं काढत होते. सुजेमुळे अडकून बसलेलं इतके दिवस निघत नव्हतं, आता सहज निघालं.

तेराव्याला वन्संनी पंगतीत सांगितलं, "शेवटी स्वतः डबल बेल देऊन गेले हो माझे आबा." बायका रडल्या. तेव्हापासून त्या दर लग्नात, दर बारशात सांगतात. गोष्ट दर वर्षी वाढते. आता तर त्यात आबा हसलेसुद्धा. मी वाढत असते. माझ्या तोंडाला कुलूप, आणि त्याची किल्ली माझ्या एकटीकडेच आहे असं मी समजत होते.

परवा वन्सं आल्या होत्या. आमच्या मुलाचं नुकतंच लग्न झालंय, नव्या सुनेला त्यांनी सगळं पहिल्यापासून ऐकवलं. ती बिचारी डोळे पुसत होती. मी उत्तमरावांच्या वाटीत आमटी वाढत होते. त्यांनी मान वर केली नाही. चमचा उचलला आणि वाटीवर एकदा आपटला.

मग वाटीवर तळहात आडवा धरला, आणि फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, "एकच आहे. दुसरी तू वाजवू नकोस."

मी पळी पातेल्यात ठेवली. अकरा वर्षं या माणसाला मी भोळा समजत होते.